विनोदी मालिकेचं शीर्षकगीत उदास असलं तर चालतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली काही तरुण मंडळी विनोदी वेबमालिका करत आहेत. मंगळवार पेठेतला जुना छापखाना, तो चालवणारे दोन भाऊ, दोघांत वर्षानुवर्षांचा अबोला, आणि सगळं बोलणं मधल्या कंपोझिटरमार्फत, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणाऱ्या माणसामार्फत. लग्नपत्रिका आता मोबाइलवर जातात, त्यामुळे धंदा आटलेला. संगीतकाराने टायटलसाठी दिलेली चाल संथ आहे, जराशी उदास आहे. निर्माते म्हणतात, "लोकं हसायला बसणार आणि सुरुवातीलाच हे रडगाणं कशाला?" विचारणाऱ्याला चाल मनापासून आवडली आहे, पण निर्मात्यांचं म्हणणं खोडायचं कसं ते कळत नाही. जगातल्या गाजलेल्या विनोदी मालिकांची शीर्षकगीतं इतक्या वेळा हळवी का असतात, हेही त्यांना जाणून घ्यायचं आहे.

मी नाटकांना ऑर्गन आणि पेटीची साथ करत या कामात आलो आणि पुढे अरेंजर म्हणून, म्हणजे चालीला वाद्यांची मांडणी देणारा म्हणून, मालिकांची, जाहिरातींची टायटलं केली. माझं उत्तर आधीच सांगतो: चाल ठेवा, ठेका बदला. आता त्यामागची कारणं.

पहिलं कारण अगदी साधं आहे आणि तेच सगळ्यात कमी लक्षात घेतलं जातं. टायटल पुन्हा पुन्हा ऐकलं जातं. आठवड्याला सहा भागांची मालिका असेल तर वर्षाला तीनशेच्या वर वेळा तीच चाल घरात वाजते. बायका कणीक मळताना ऐकतात, पोरं गृहपाठ करताना ऐकतात, शेजारच्या घरातून भिंतीपलीकडूनही ऐकू येते. विनोद पहिल्यांदा हसवतो, दुसऱ्यांदा बरा वाटतो, दहाव्यांदा त्रास देतो. 'टॉइंग' असा आवाज, घसरणारी शिटी, तोंडावर हात ठेवून वाजवल्यासारखा 'वाँ वाँ' ट्रम्पेट हे सगळे सुरांतले विनोद आहेत. महिनाभरात ते शिळे होतात आणि त्यांच्याबरोबर मालिकाही शिळी वाटायला लागते. भावाचं उलट आहे. हुरहुर लावणारी चाल पन्नासाव्यांदा ऐकताना पहिल्यापेक्षा जवळची वाटते, कारण मधल्या एकोणपन्नास भागांतल्या माणसांचे चेहरे तोवर तिला चिकटलेले असतात. म्हणून टायटलने हसवायचं काम अंगावर घेऊ नये. हसवायला लेखक आहे, नट आहेत. ही माणसं कोण आहेत आणि त्यांच्याकडे कुठल्या नजरेने बघायचं, एवढं टायटलने सांगितलं की पुरे.

याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतल्या 'मॅश' या मालिकेचं. कोरियाच्या युद्धातलं फिरतं लष्करी रुग्णालय, तिथले डॉक्टर, त्यांच्या खोड्या आणि वात्रटपणा. 1972 ते 1983 अशी 11 वर्षं ती चालली. खरं युद्ध तीनच वर्षं चाललं होतं. तिची चाल जॉनी मँडेल या संगीतकाराने आधी 1970 च्या चित्रपटासाठी बांधली होती. तिथे ती एका दंतवैद्याच्या खोट्याखोट्या निरोपसमारंभात गायली जाते. शब्द दिग्दर्शक रॉबर्ट ऑल्टमनच्या किशोरवयीन मुलाने लिहिलेले, आणि विषय आत्महत्येचा. मालिकेत शब्द काढून टाकले, नुसती चाल ठेवली. पडद्यावर काय दिसतं? डोंगरामागून जखमींना घेऊन हेलिकॉप्टर येतात आणि परिचारिका, डॉक्टर त्यांच्याकडे धावत सुटतात. त्यात हसण्यासारखं काही नाही. पण हे एकदा बघितलं की पुढच्या भागातली प्रत्येक चेष्टा वेगळी ऐकू येते. ही माणसं वेडी होऊ नयेत म्हणून हसत आहेत, हे कोणी बोलून दाखवायची गरज राहत नाही. त्या मालिकेच्या निर्मात्यांनी आणखी एक गोष्ट चॅनेलकडून मान्य करून घेतली होती: शस्त्रक्रियेच्या दृश्यांत मागे ध्वनिमुद्रित हशा वाजवायचा नाही. कुठे हसायचं आणि कुठे नाही याची इतकी जाण असलेल्या माणसांनी टायटलला ती चाल ठेवली, ती विचार करूनच.

'टॅक्सी' या मालिकेची गोष्ट तुमच्या कामाची आहे. 1978 साली सुरू झालेली, टॅक्सीचालकांच्या गॅरेजमधली विनोदी मालिका. संगीतकार बॉब जेम्स यांनी टायटलसाठी आधी वेगळा, जोरकस तुकडा केला होता. मग एका भागातल्या अँजेला नावाच्या एकाकी पात्रासाठी त्यांनी बासरी आणि इलेक्ट्रिक पियानोवर एक शांत धून बांधली. निर्मात्यांनी ती ऐकली आणि तीच टायटलला घेतली. पुलावरून एक पिवळी टॅक्सी चालली आहे, चालली आहे, एवढंच दृश्य. बहुतेक चालकांना दुसरंच काहीतरी व्हायचं होतं आणि सध्या ते टॅक्सी चालवत आहेत, हे त्या धुनेत पूर्ण येतं. तुमच्या निर्मात्यांना हा किस्सा जरूर सांगा, कारण इथे उदास चालीच्या बाजूने उभे राहिले ते निर्मातेच होते.

उदासपणा हा एकच रस्ता आहे असं मात्र नाही. दुसरा रस्ता गांभीर्याचा. 'मिस्टर बीन'ला हॉवर्ड गुडॉल यांनी चर्चमधला कोरस दिला, लॅटिन शब्द, अगदी प्रार्थनेसारखा भारदस्त. आभाळातून प्रकाशाचा झोत पडतो आणि त्यात धपकन एक माणूस येऊन आपटतो. कोरसमध्ये कुठेही चेष्टेचा सूर नाही, गाणारे मनापासून गातात, आणि म्हणून तो माणूस अधिक हास्यास्पद दिसतो. 'येस मिनिस्टर' या राजकारणावरच्या ब्रिटिश विनोदी मालिकेला रॉनी हेझलहर्स्ट यांनी लंडनच्या बिग बेनच्या टोल्यांवरून चाल बांधली. सत्तेचा सगळा रुबाब त्या टोल्यांत आहे, तो कसा पोकळ आहे हे पुढे संवाद दाखवतात. संगीताने तोंड वेंगाडलं असतं तर संवादांना करण्यासारखं काही उरलं नसतं.

आणि खट्याळ चाल चालतच नाही असंही मी म्हणणार नाही. 'कर्ब युअर एन्थुजिॲझम' या अमेरिकी विनोदी मालिकेची ट्युबा आणि मँडोलिनची चाल सर्कशीसारखी डुलत येते आणि ती मालिकेला घट्ट बसते. पण ती त्या मालिकेसाठी बांधलेलीच नाही. लुचियानो मिकेलिनी यांनी ती 1974 सालच्या एका इटालियन चित्रपटासाठी केली होती आणि मालिकेचे कर्ते लॅरी डेव्हिड यांनी ती एका बँकेच्या जाहिरातीत ऐकली. सतत स्वतःसाठी खड्डा खणणाऱ्या माणसामागे ती चाल 'सगळं मजेत आहे' म्हणत निश्चिंत चालत राहते. चाल खट्याळ असूनही माणसाकडे बघायची नजर तिच्यात आहे.

आता परदेशातून घरी येऊ. हसवण्याआधी गंभीर गाणं, ही गोष्ट मराठी माणसाला कोणी शिकवायची गरज नाही. ढोलकीच्या फडाचा तमाशा बघा. सोंगाड्या पोट धरून हसवणार, मावशी गवळणींची फिरकी घेणार, बतावणीत राजापासून सावकारापर्यंत कोणाचीही गय होणार नाही. पण सुरुवात कशाने? गणाने. ढोलकी, तुणतुणं, झांज, आणि मागे झीलकऱ्यांचा उंच ओढलेला सूर. गण म्हणताना शाहिराच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नसतो. समोर बसलेल्या माणसाला तेवढ्यात कळतं की ही मंडळी आपलं काम देवाचं नाव घेऊन, जीव ओतून करणार आहेत, आणि मग तो निर्धास्त हसायला मोकळा होतो. एकनाथांची भारुडंही अशीच. वरून सोंग, नाचणं, गमतीचे शब्द, आत माणसाच्या जगण्याची कळ. हसू आणि हुरहुर आपल्याकडे कायम एकाच पंगतीला बसत आली आहेत. तुमच्या संगीतकाराने दिलेली चाल या जुन्या वाटेवरचीच आहे.

इथे एक फरक करायला हवा, नाहीतर निर्माते तुम्हाला लगेच उलट उदाहरण देतील. प्रहसनांचे कार्यक्रम वेगळे, मालिका वेगळी. 'फू बाई फू', 'चला हवा येऊ द्या', 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' यांच्यात दर वेळी नवी पात्रं, नवा प्रसंग. तिथलं टायटल म्हणजे दवंडी असते: या, बसा, सुरू होतंय. त्याला उडता ठेका, टाळ्या, कोरस हे सगळं शोभतं. 'फू बाई फू'ने तर नावच फुगडीतून घेतलं, आणि फुगडीत लय आपोआप चढत जाते. मालिकेत प्रेक्षक त्याच घरात रोज परत येतो. त्याला हाक मारून बोलवायची गरज नसते. आपण आपल्या माणसांत आलो असं त्याला वाटायला हवं. तुम्ही मालिका करताय.

आता सुरांचं. निर्मात्यांच्या मनात बहुधा असं आहे की कोमल, म्हणजे किंचित उतरलेले, स्वर आले की गाणं दुःखी झालं. पाश्चात्त्य संगीतातल्या 'मेजर म्हणजे आनंदी, मायनर म्हणजे उदास' या हिशेबाने हा समज पसरला आहे, पण आपल्या कानाला तो लागू पडत नाही. काफी रागात गंधार-निषाद (ग, नि) कोमल, आणि होरीचा, म्हणजे होळीच्या गाण्यांचा, सगळा रंग काफीत उधळतो. भैरवीत रे, ग, ध, नि चारही कोमल, आणि त्याच भैरवीत अभंगही रंगतो, लावणीही रंगते. आकाशवाणीची सकाळची संकेतधून आठवा. नाझींपासून जीव वाचवून मुंबईत आलेल्या वॉल्टर काउफमन या संगीतकाराने ती केली, शिवरंजनीच्या सुरांत. शिवरंजनी म्हणजे विरहाचा राग असं आपण म्हणतो. पण ज्यांच्या घरात ती धून वाजायची त्यांना विचारा. चहाचा वास, बंबाचा धूर, शाळेची घाई, हेच आठवेल. चालीचा अर्थ ती रोज कशाबरोबर ऐकू येते त्यावरही ठरतो. पहिल्या भागाला उदास वाटलेली तुमची चाल दहाव्या भागापर्यंत 'आले बघा दोघे भाऊ' अशी ऐकू येईल. त्यासाठी दहा भाग धीर धरावा लागतो, आणि निर्मात्यांना हेच सगळ्यात अवघड जातं.

तुमची चाल कुठल्या सुरांत आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. संगीतकाराला विचारून बघा, पिलूचं अंग आणता येतंय का. अशा कामासाठी पिलूसारखा राग नाही. दोन्ही गंधार, दोन्ही निषाद. कोमल गंधारावरून षड्जाला येऊन खालच्या शुद्ध निषादाला टेकलं की छातीत बारीक कळ येते, आणि पुढच्याच ओळीत शुद्ध गंधार घेतला की चेहरा उजळतो. अबोला धरलेल्या दोन भावांना याहून नेमकं काय देणार? एका गंधारावर थोरला, एका गंधारावर धाकटा. ऐकणाऱ्याला हे कळणार नाही, कळायची गरजही नाही. पण लागेल नक्की.

वाद्यांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण कोल्हापुरात वाद्य म्हणजे नुसता आवाज राहत नाही. हलगी वाजली की इथल्या माणसाच्या डोळ्यांपुढे खासबागचं मैदान येतं, नाहीतर मिरवणूक. ती टायटलला घातली तर प्रेक्षक पैलवानाची वाट बघत बसेल. सनई म्हणजे लग्न. लग्नपत्रिकांचा छापखाना म्हणून सनई घ्यायचा मोह तुम्हाला होईल. घ्या, पण एकच तान, तीही लांबून, दुसऱ्या गल्लीतल्या मांडवातून आल्यासारखी. संबळ गोंधळाचं, देवीचं वाद्य. त्याला इथे हात लावू नका. बेंजो म्हटलं की गणपती आणि वरात. माझं मत विचाराल तर मुख्य वाद्य क्लॅरिओनेट ठेवा. आपल्याकडच्या बँड पथकांत क्लॅरिओनेट वाजवणारे अनुभवी लोक अजून आहेत. त्या वाद्याला जन्मजात गुण आहे, खालच्या सप्तकात ते सुस्कारा टाकतं आणि वरच्या सप्तकात खिदळतं. बँडवाल्याच्या फुंकेत जो थोडा कंप असतो, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी जी मींड असते, ती कीबोर्डवर येत नाही. मी स्वतः कीबोर्ड वाजवतो, म्हणून हे खात्रीने सांगतो. आणि खाली पेटी. फार सफाईदार नको, भाता ओढल्याचा आवाज माइकमध्ये आला तर येऊ द्या.

याउलट संगणकावर संगीत जुळवणाऱ्या प्रोग्रामरकडे तयार आवाजांच्या तुकड्यांचं जे 'कॉमेडी' नावाचं फोल्डर असतं, त्यातलं काहीही घेऊ नका. तार खुडल्यासारखे ते व्हायोलिनचे 'टुक टुक' आवाज, लाकडी पट्ट्यांचं झायलोफोन, 'बसून' नावाच्या पाश्चात्त्य फुंकवाद्याची फुसफुस. डिटर्जंटच्या जाहिरातीत तेच, रीलमध्ये तेच, मालिकेतही तेच. तुमच्या छापखान्याचा पत्ता त्या आवाजात कुठे आहे? मला याचा मनापासून राग येतो, कारण मेहनतीने लिहिलेल्या मालिका या एका आळसामुळे एकसारख्या वाटायला लागल्या आहेत.

पत्ता हवा असेल तर तो तुमच्याजवळच आहे. छापखान्यात जुनं ट्रेडल, म्हणजे एकेक कागद छापणारं मशीन असेल, आणि ते चालू स्थितीत असेल, तर त्याचा आवाज खरोखर रेकॉर्ड करा. ट्रेडल ताशी साधारण हजार-बाराशे छाप काढतं. बाराशे धरले तर मिनिटाला वीस, म्हणजे एक छाप तीन सेकंदांत. आता दादऱ्याच्या सहा मात्रा घ्या. मिनिटाला 120 मात्रांची लय धरली तर दादऱ्याचं एक आवर्तन बरोबर तीन सेकंदांचं होतं. मशीन एक कागद छापतं तेवढ्यात ठेका समेवर येतो. सुरुवातीला नुसतं मशीन ऐकू येऊ दे, दोन छाप. तिसऱ्या छापेला ढोलकी हलकेच दादरा धरेल, आणि त्यावर तुमची संथ चाल येईल, दोन-दोन मात्रांवर एक स्वर अशी पसरलेली. चाल उदास, ठेका चालता. 'ठेका बदला' म्हणालो ते यासाठी. पाय हलत राहतात म्हणून कोणी रडगाणं म्हणणार नाही, आणि वरची हुरहुर जाग्यावर राहते. दादऱ्याला मुळातच डोलणं असतं, कोपऱ्यातून हसल्यासारखं. आठ मात्रांच्या केहरव्याने तेच चौकोनी होईल.

शब्द घालणार असाल तर थोडे घाला. 'धमाल', 'हसू', 'गंमत' हे शब्द गाण्यात येऊ देऊ नका. हे विनोदी आहे असं गाण्याने सांगितलं की ऐकणारा हात बांधून बसतो, हसवा बघू म्हणतो. भावांना काय हवं आहे ते लिहा. किंवा छापखान्यातल्याच गोष्टी: अक्षरांचे खिळे, शाई, उलटी अक्षरं, परत न नेलेल्या पत्रिकांचे गठ्ठे. आवाज फार घोटलेला नको. इंग्लंडमध्ये 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस'चं शीर्षकगीत मालिकेचे लेखक जॉन सलिव्हन यांनी स्वतःच लिहिलं आणि स्वतःच गायलं. गल्लीत माल विकणाऱ्या माणसाचा वाटावा असा तो आवाज आहे, आणि म्हणून तो खरा वाटतो. तुमच्या नटांपैकी कंपोझिटरचं काम करणारा सुरात असेल तर त्याच्याकडून गाऊन घ्या. सगळे निरोप तोच इकडून तिकडे नेतो, गाणंही त्यानेच न्यावं.

लांबीबद्दल. पूर्वी टायटलला मिनिटभर मिळायचं. 2017 साली नेटफ्लिक्सने टायटल ओलांडून पुढे जायचं बटण आणलं, आणि आता मोबाइलवर बघणाऱ्याचा अंगठा तयारच असतो. पस्तीस-चाळीस सेकंदांचं पूर्ण टायटल पहिल्या आणि शेवटच्या भागाला ठेवा. मधल्या भागांना नऊ सेकंद: तीन छाप, म्हणजे दादऱ्याची तीन आवर्तनं, आणि त्यात क्लॅरिओनेटची ओळख पटवणारी एक ओळ. ती ओळ पेटीवर एका बोटाने वाजवली तरी ओळखू आली पाहिजे. येत नसेल तर चालीवर आणखी काम करायला हवं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी क्लॅरिओनेट, पेटी, ढोलकी आणि मशीन हे चारही ट्रॅक वेगवेगळे जपून ठेवायला सांगा. पुढे एखाद्या भागात थोरला भाऊ एकटाच मशीनपाशी बसलेला असेल तेव्हा नुसती पेटी लागेल. दोघांचं भांडण रंगेल तेव्हा नुसता ठेका. एकाच चालीतून अख्ख्या मालिकेचं पार्श्वसंगीत निघतं आणि निर्मात्यांचे पैसेही वाचतात. हा मुद्दा त्यांना पहिल्यांदा सांगा, बाकीचे नंतर. संगीतकार आणि गीतकार यांच्याशी करार लेखी करा. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने त्यांच्या रॉयल्टीच्या हक्काला संरक्षण दिलेलं आहे, त्यामुळे 'आपलाच माणूस आहे' म्हणून तोंडी ठेवू नका.

निर्मात्यांशी वाद घालत बसू नका. पहिल्या भागातली तीन दृश्यं काढा: सगळ्यात हसवणारं, सगळ्यात जिव्हारी लागणारं, आणि ज्यात काहीच घडत नाही असं एक. तिन्हींच्या आधी दादऱ्यावरची ही चाल जोडा. त्याच तिन्हींच्या आधी त्यांना हवा तसा उडता तुकडाही जोडा, तोही नीट वाजवून घेतलेला, मुद्दाम पाडलेला नको. दोन्ही संच त्यांच्यासमोर चालवा, आणि खोलीत या धंद्यातली नसलेली चार-पाच माणसं बसवा, घरची, शेजारची. उडता तुकडा हसवणाऱ्या दृश्याला चालून जाईल, बाकी दोन ठिकाणी त्याची पंचाईत होईल. तुमची चाल तिन्ही ठिकाणी उभी राहिली तर निर्मात्यांना ते ऐकू येईल. राहिली नाही, तर कुठे पडली ते बघून संगीतकाराला नेमकी तेवढी जागा दुरुस्त करायला सांगा.